खुणा पुसू नका!

बालमित्रांनो, रंगवताना ब्रशचा फटकारा उमटला, की तुम्ही काय करता? ओलं बोट फिरवून पुसून टाकता, हो ना? आमच्या वर्गातल्या एका मुलीनं तर आईचं चित्र पुसता पुसता कागदालाच भोक पाडलं! बिचारी रडायलाच लागली. तेव्हा मी वर्गाला ‘पाळणा’ या चित्राची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हांला सांगते.

फ्रान्समधल्या बर्थ मॉरिसोनं हे चित्र १८७२ साली रंगवलं. बर्थ आणि तिची थोरली बहीण एडमा, दोघी बरोबरच चित्रकला शिकल्या. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता, म्हणून खासगी शिक्षकांकडे. १८६९ साली एडमाचं लग्न झालं आणि तिची चित्रकला सुटली. बर्थनं मात्र ब्रश खाली ठेवला नाही.

‘पाळणा’मध्ये दिसते ती हीच एडमा. तिची तान्ही लेक ब्लांश पाळण्यात झोपली आहे. आईचा हात गालाशी दुमडलेला, आणि गंमत म्हणजे बाळाचाही हात तसाच! पाळण्यावर झिरझिरीत पडदा आहे. तो रंगवताना बर्थ काही एकेक धागा काढत बसली नाही. पांढऱ्या रंगाचे पातळ फटकारे मारले, मधूनच निळसर, गुलाबी छटा. जवळून पाहावं तर नुसता रंग. दोन पावलं मागं सरा, की झाला पडदा!

१८७४ साली पॅरिसमध्ये बर्थ आणि तिच्या चित्रकार मित्रांनी प्रदर्शन भरवलं. त्यात ‘पाळणा’ही होतं. त्या काळी गुळगुळीत चित्र तेच चांगलं, अशी समजूत. ‘ही चित्रं तर अर्धवट आहेत!’ म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. ‘पाळणा’ विकलंच गेलं नाही, घरीच राहिलं. १९३० साली ते लूव्र संग्रहालयानं विकत घेतलं. आज ते पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयात आहे.

मला विचाराल, तर ते फटकारे म्हणजे बर्थच्या हाताच्या खुणा. आई बाळाकडे बघतेय, आणि बहीण बहिणीकडे! त्या खुणा पुसल्या असत्या, तर बहीण आपल्याला दिसलीच नसती.

आमच्या त्या मुलीनं दुसऱ्या दिवशी आईचं नवं चित्र आणलं. साडीवर ब्रशचे फटकारे तस्सेच!

मग, तुम्ही कधी काढताय? आई भाजी निवडत असेल, आजी वाती वळत असेल, तेव्हा समोर बसा. आणि हो, खोडरबर दप्तरातच राहू द्या, बरं का!