वेटिंगला नंबर आहे, म्हणजे नेमकं काय?

पीएच.डी. किंवा एमबीएच्या याद्या लागल्या की साक्रीच्या बसस्टँडवर भेटणारा ओळखीचा माणूस हटकून विचारतो, "काय भो, नंबर लागना का?" लागला किंवा नाही लागला, एवढ्यावर विषय संपतो. 'वेटिंगला आहे' म्हटलं की मात्र सल्ले सुरू होतात आणि ते बहुतेक रेल्वेच्या तिकिटाच्या अनुभवावरून दिलेले असतात. वेटिंग 12 म्हणजे 12 जणांनी तिकीट रद्द केलं की आपण आत, हा तो हिशेब. प्रवेशाच्या यादीला तो लावला की बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

आधी एक गोष्ट तपासा. तुमचं वेटिंग मुलाखतीला बोलावण्यासाठीचं आहे की मुलाखतीनंतरचं? मुलाखतीआधीच्या वेटिंगमध्ये संस्थेने तुम्हाला अजून पाहिलेलंही नसतं. जागांच्या काही पट उमेदवार बोलावलेले असतात. त्यातले गळाले किंवा मुलाखती होऊनही जागा भरल्या नाहीत, तर पुढच्यांना बोलावणं येतं. ते अनेकदा दोन-तीन दिवस आधी ईमेलवर येतं, म्हणून स्पॅमचा कप्पा रोज उघडायचा. मुलाखत ऑनलाइन असेल तर घरात रेंज कुठे मिळते ते आधी बघायचं, आणि प्रत्यक्ष असेल तर पुण्या-मुंबईला रात्रीच निघावं लागेल हे धरून चालायचं.

आता नेहमी ऐकू येणारे समज एकेक घेऊ. "वेटिंग म्हणजे गोड शब्दांत नकार." नाही. नकार द्यायचा असता तर तो सरळ दिला असता, संस्थांना त्याची चांगली सवय असते. वेटिंग म्हणजे तुम्ही पात्र आहात, जागा नाही. पीएच.डी.त ही जागा कुठे अडते ते फार थोड्यांना माहीत असतं. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 संशोधक विद्यार्थी असू शकतात. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलाय, त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. आता समजा, तुमच्या विषयात दोनच गाईड आहेत. एक सहायक प्राध्यापक आहेत, त्यांचे चारही विद्यार्थी अजून प्रबंध लिहितायत आणि दुसरे पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. मग तुमची मुलाखत कितीही रंगली तरी जागा शून्य. उलट शेजारच्या विभागात तुमच्याहून कमी गुणांच्या मुलाला प्रवेश मिळतो, कारण तिथल्या गाईडकडे दोन जागा रिकाम्या आहेत. आपण त्याला 'सेटिंग' म्हणून मोकळे होतो. जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असो की पुण्यातली एखादी मोठी संस्था, अर्ज करण्याआधी विषयात किती गाईड आहेत आणि त्यांच्याकडे किती जागा आहेत, हे विचारण्यात कसलीही लाज नाही. माझ्या मते अर्जाची फी भरण्याआधीचा तोच पहिला प्रश्न असायला हवा.

"मुलाखतीच्या यादीत खाली आहे, म्हणजे खेळ संपला." इथे आकडेमोडच करून बघू. 2024 पासून यूजीसीने पीएच.डी. प्रवेशासाठी नेट परीक्षेचा निकाल तीन गटांत लावायला सुरुवात केली. जेआरएफ म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळालेल्यांची निवड मुलाखतीवर होते. उरलेल्या दोन गटांत नेटला 70 टक्के वजन आणि मुलाखतीला 30. एका मुलीचं नेटचं पर्सेंटाइल 96 आहे, तिचे झाले 67.2. दुसरीचं 90, तिचे 63. मुलाखतीत पहिलीला 30 पैकी 14 मिळाले, दुसरीला 20. बेरीज 81.2 आणि 83. यादीत मागे असलेली मुलगी पुढे गेली. म्हणून उशिरा बोलावणं आलं तरी "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नये. एक मात्र लक्षात ठेवा, या दोन गटांतल्या उमेदवारांचे नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात.

"माझा नंबर 12, म्हणजे पुढे 11 जण." बहुतेक संस्थांत खुला, ओबीसी, एससी, एसटी, ईडब्ल्यूएस अशा प्रवर्गांच्या याद्या वेगळ्या हलतात. तुमच्या प्रवर्गात पुढे तिघेच असू शकतात, किंवा जागाच एक असू शकते. आयआयएमच्या याद्या बऱ्याच सरकतात, त्यालाही कारण आहे. कॅट परीक्षेनंतर एकच हुशार मुलगा चार-पाच ठिकाणच्या याद्यांत असतो, आणि अनेक नव्या आयआयएम तर एकत्रित मुलाखत घेऊन आपापल्या याद्या लावतात. त्याने एक जागा पक्की केली की बाकीच्या ठिकाणी एकेक जागा सुटते. पीएच.डी.ला मात्र विभागात एखाद्या विषयाची एकच जागा असेल तर तसं सरकणं नसतं. त्यामुळे गेल्या वर्षी 'कितीपर्यंत गेलं' हे त्याच संस्थेचं, त्याच अभ्यासक्रमाचं आणि त्याच प्रवर्गाचं बघावं.

"साहेबांचा फोन गेला की काम होतं." याच्यावर जास्त लिहायचं कारण नाही. वेटिंग सरकवून देतो म्हणून पैसे मागणारा माणूस फसवतोय, एवढं पुरे.

"रोज मेल केला की लक्षात राहतं." आपल्याकडच्या आयआयटी, आयआयएम, विद्यापीठांत अशा मेलने यादी हलत नाही. विचारलेलं तेवढं कळवावं. अमेरिकेतली पद्धत थोडी वेगळी आहे, म्हणून तिकडच्या चुलतभावाचा सल्ला जळगावला लागू होत नाही आणि जळगावचा तिकडे. तिथे मुलाखतीच्या वेटिंगवर असताना एक छोटं पत्र चालतं: अजून इच्छा आहे आणि अर्जानंतर हे नवं झालं, म्हणजे एखादा शोधनिबंध स्वीकारला गेला किंवा शेवटच्या सत्राचा निकाल लागला. एकच पत्र. शिवाय तिथल्या अनेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार, आर्थिक मदतीसह प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला 15 एप्रिलपर्यंत विचार करायला वेळ असतो. त्यामुळे त्यांची वेटिंग त्या तारखेच्या आगेमागे हलते. फेब्रुवारीत उत्तर नाही म्हणून खचण्यात अर्थ नाही.

"दुसरीकडे प्रवेश घेतला तर अडकलो." ही भीती गावाकडे सर्वांत जास्त दिसते, आणि घरच्यांची काळजी समजण्यासारखी आहे: फी बुडेल, मार्कशीट अडकून पडतील. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार संस्थेने मूळ कागद तपासून परत द्यायचे असतात, ठेवून घ्यायचे नसतात. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 दिवस आधी प्रवेश रद्द केला तर थोडी प्रक्रिया फी वजा जाता सगळी फी परत मिळते. पुढे ती 90, 80, 50 टक्के अशी उतरत जाते आणि शेवटच्या तारखेनंतर 30 दिवस उलटले की काहीच मिळत नाही. तेव्हा हातात आलेली जागा घ्या आणि रद्द करायच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. रद्द करताना अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

वेटिंगमधून नंबर लागूनही जागा जाते ती बहुतेकदा कागदांवरून. राज्याचं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र तीन वर्षांचंही मिळतं, म्हणून आपण निश्चिंत असतो. केंद्राच्या संस्थांना मात्र केंद्राच्या नमुन्यातलं आणि साधारणपणे चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे 1 एप्रिलनंतरचं लागतं. राज्यात व्हीजे-एनटीत असलेल्या बऱ्याच जाती केंद्रात ओबीसीत मोडतात, आणि राज्यात ओबीसी असलेली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. ईडब्ल्यूएसचा दाखलाही दरवर्षी नवा. वेटिंग सरकते ती नेमकी एप्रिल ते जुलैमध्ये, तेव्हा सेतू केंद्रात गर्दी असते आणि संस्था कागद द्यायला जेमतेम चार दिवस देते. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज टाकून ठेवा.

आणि नाहीच सरकली तर ती यादी त्या सत्राबरोबर संपते, पुढच्या वर्षी कोणी आपण होऊन बोलावत नाही. पण आयआयटी आणि आयसरमधल्या बऱ्याच विभागांत पीएच.डी.चे प्रवेश वर्षातून दोनदा होतात, आणि जानेवारीच्या प्रवेशाच्या जाहिराती साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून यायला लागतात.