सुरत ते नांदुरा : जागा बदलणारी सीमा

परदेशातून बुलढाणा जिल्ह्यातील नांदुऱ्याला येणाऱ्याच्या बोलण्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर हे तीनच विमानतळ येतात. सुरतचे नाव सहसा निघत नाही. वास्तविक सुरतेहून शारजाला २०१९ पासून विमान जाते-येते आणि शहराला लागूनच असलेल्या उधना जंक्शनपासून तापीकाठचा लोहमार्ग जळगावमार्गे भुसावळला येऊन मिळतो, जिथून नांदुरा जेमतेम ८० किलोमीटरवर आहे. हा प्रवास आरामाचा नाही. तरीही पॅसेंजर गाडीने राज्याची सीमा ओलांडताना सीमा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न महाराष्ट्रात इतक्या ठळकपणे फारच थोड्या मार्गांवर समोर येतो.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतात. पारपत्र आणि सीमाशुल्क यांची तपासणी सुरत विमानतळावरच आटोपते. रेल्वे हा राज्यघटनेनुसार केंद्राच्या सूचीतील विषय असल्यामुळे पुढे राज्य बदलले तरी तिकीट बदलत नाही. विमानतळ डुमसच्या वाटेवर आहे आणि तिथे रेल्वे नाही, त्यामुळे उधना किंवा सुरत स्थानक रिक्षाने गाठावे लागते. अनारक्षित तिकीट भुसावळपर्यंत न काढता थेट नांदुऱ्याचे काढावे, कारण गाडी बदलण्यासाठी थांबणे म्हणजे प्रवासात खंड पडणे नव्हे. मात्र साध्या गाडीच्या तिकिटावर मेल-एक्सप्रेसमध्ये बसता येत नाही. पूर्वेकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या छोट्या स्थानकांवर थांबतीलच असे नाही, म्हणून भुसावळला उतरून बडनेऱ्याकडची मेमू, म्हणजे वेगळे इंजिन न जोडता डब्यांतच विद्युत मोटारी असलेली गाडी, पकडणे बरे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत पोटासाठी गेलेली खानदेशी माणसे हेच या मार्गावरचे खरे प्रवासी आहेत. सणासुदीला डब्यात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा विमानातून आलेल्या मोठ्या बॅगांचे काय होईल याचा विचार आधीच केलेला बरा.

मार्गातील प्रसिद्ध स्थळ म्हणजे नवापूर. स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत असून सीमा फलाटावरच्या एका बाकड्याच्या मधोमध दाखवलेली आहे, आणि त्या बाकड्यावर बसून छायाचित्र काढून घेतल्याशिवाय हल्ली कोणी पुढे जात नाही. १९६० साली द्वैभाषिक मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हा स्थानकाचेही झाले, अशी हकीकत सांगितली जाते. ती खोटी नाही, पण फारच आळशी आहे. मुंबई पुनर्रचना कायदा, १९६० आणि त्याची पहिली अनुसूची, म्हणजे कायद्याच्या शेवटी जोडलेली गावांची यादी, वाचली की निराळे चित्र दिसते. तोडले गेले ते स्थानक नव्हे, तर तालुके. पश्चिम खानदेश जिल्ह्याच्या नवापूर आणि नंदुरबार तालुक्यांतील नावानिशी नोंदलेली गावे काढून ती सुरत जिल्ह्याच्या सोनगढ तालुक्यात घातली गेली, आणि अक्कलकुवा व तळोदा तालुक्यांतील गावे भरूच जिल्ह्याच्या सागबारा तालुक्याला जोडली गेली. सोनगढ आणि व्यारा हा मुलूख पूर्वी बडोदा संस्थानचा होता, म्हणजे खानदेशची जुनी हद्द रुळांवर आणखी पश्चिमेला होती आणि या यादीने ती पूर्वेकडे, नवापूरच्या फलाटापर्यंत सरकवली. तापीवरील नियोजित उकाई धरणाचे बुडीत क्षेत्र या देवघेवीशी जोडलेले होते. बाकड्याशेजारी या अनुसूचीचा एक परिच्छेद लावला असता तर गंमत थोडी कमी झाली असती, पण माहिती वाढली असती.

याच सीमेवर कायद्याचीही एक गोम आहे. गुजरातेतील दारूबंदी आणि महाराष्ट्रातील परवान्याची दारू या दोन्ही गोष्टी १९४९ च्या एकाच मुंबई दारूबंदी कायद्यातून चालत आल्या, आणि पुढे दोन्ही राज्यांनी त्याला आपापले नाव दिले. त्यामुळे बाटली घेऊन सुरतेला उतरणाऱ्याने नवापूर येईपर्यंत आपण दारूबंदीच्या राज्यात आहोत हे विसरू नये. हाच प्रवासी नांदुऱ्याला न उतरता तसाच वर्ध्यापर्यंत गेला, तर तो पुन्हा दारूबंदीच्या जिल्ह्यात पोहोचतो!

युरोपातही सीमा अशीच कागदाच्या जोरावर प्रकटते. कोपनहेगनच्या कास्ट्रुप विमानतळाखालून सुटणारी प्रादेशिक गाडी २००० साली खुल्या झालेल्या ओरेसुंड पुलावरून स्वीडनमधील माल्मोला जाते. तो प्रवास शहरांतर्गत वाटावा इतका सहज होता, पण जानेवारी २०१६ मध्ये स्वीडनने ओळखपत्रांची सक्ती केल्यावर त्याच प्रवाशांना कास्ट्रुपला उतरून तपासणीतून जावे लागू लागले. पूल आणि रूळ होते तसेच होते.

तापीच्या मार्गावरील सीमा मात्र नुसती प्रकट होत नाही, ती जागाही बदलते. रेल्वेच्या लेखी हद्द जळगावला आहे, कारण तिथवर पश्चिम रेल्वे येते आणि पुढे मध्य रेल्वे सुरू होते. राज्यांची हद्द त्याहून चंचल निघाली. हा मार्ग १९०० साली जळगावला पोहोचला तेव्हा गाडी ब्रिटिश सुरतेतून निघून गायकवाडांच्या मुलखातून खानदेशात येई, आणि भुसावळपुढे बोदवड ओलांडून मलकापूरला शिरले की वऱ्हाड लागे. वऱ्हाड नावाने निजामाचे होते, पण १८५३ च्या तहापासून कारभार इंग्रजांच्या हाती होता. १९४९ साली बडोदा मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पश्चिमेकडची सीमा मिटली, पण बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात असल्यामुळे मलकापूरजवळची उरली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि तीही गेली. तेव्हापासून ३० एप्रिल १९६० पर्यंत, म्हणजे साडेतीन वर्षे, सुरतेहून नांदुऱ्याला येणाऱ्याला वाटेत एकही राज्यसीमा ओलांडावी लागत नव्हती. दुसऱ्या दिवशी ती नवापूरला उगवली.

नांदुऱ्याजवळून वाहणाऱ्या ज्ञानगंगेचे पाणी पूर्णेत, पूर्णेचे चांगदेवजवळ तापीत आणि तापीचे उकाईच्या जलाशयात जाते. म्हणजे या रेल्वेने प्रवासी ज्या दिशेने घरी येतो, नेमके त्याच्या उलट.