भाकीत तपासणाऱ्यांचे दशक

1983 साली अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि त्याच वर्षी शेगावात संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. बुलडाणा जिल्ह्यातल्या पोरापोरींसाठी तेव्हा एक वाट आखली गेली: इंजिनिअरिंगची पदवी, पुण्यातली कंपनी, जमलेच तर अमेरिका. घाटावरची असोत की घाटाखालची, अनेक घरे या वाटेने वर आली. शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर तर या वाटेच्याही पुढे गेले. नागपूरला शिकून, केरळात इलेक्ट्रॉनिक्सचे संशोधन करून ते 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेत आले आणि 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक उभा राहिला. चाळिशीनंतर कामाची दिशा बदलणे वऱ्हाडाला नवे नाही. गेल्या दहा वर्षांत मात्र जगभर एक वेगळीच दिशा तयार झाली. यंत्राला हुशार करण्याचे काम बाजूला ठेवून, ते हुशार यंत्र भरवशाचे आहे का हे तपासण्याकडे माणसे वळली. त्या दशकाचा हा मागोवा.

सुरुवात तत्त्वज्ञांनी केली. 2014 मध्ये ऑक्सफर्डच्या निक बॉस्ट्रॉम यांचे ‘सुपरइंटेलिजन्स’ हे पुस्तक आले, तेव्हा संगणकवाल्यांपैकी अनेकांनी ते कल्पनाविलासात काढले. 2016 मध्ये चित्र पालटले. ज्यांचे पाठ्यपुस्तक घेऊन इंजिनिअरिंगच्या पिढ्या एआय शिकल्या, त्या स्टुअर्ट रसेल यांनी बर्कलेत माणसाशी सुसंगत एआयसाठी संशोधन केंद्र काढले. त्याच वर्षी डारिओ अमोदेई, क्रिस ओला आदी संशोधकांचा एआय सुरक्षेवरचा एक निबंध आला. त्यात भीतीची भाषा नव्हती, पाच तांत्रिक प्रश्न होते. अमोदेई मूळचे जैवभौतिकीतले, तर ओलांकडे विद्यापीठाची पदवीच नव्हती. या क्षेत्राचे दार कोणत्या शाखेच्या माणसाला उघडे आहे, याचे उत्तर तिथेच मिळाले होते.

त्या पाचांपैकी दोन प्रश्न आपल्या जिल्ह्यातही सहज कळतील. पहिला म्हणजे गुणांसाठी उद्दिष्ट विसरणे. 2016 मध्येच ओपनएआयने बोटीच्या शर्यतीचा एक खेळ यंत्राला शिकवला. यंत्राने शर्यत पूर्ण केलीच नाही. एकाच जागी गोल गोल फिरून ते गुण गोळा करत राहिले. दुसरा प्रश्न म्हणजे एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी चुकणे. चिखली-मेहकरच्या काळ्या रानाला लागू पडणारा सल्ला शेगाव-संग्रामपूरच्या खारपाणपट्ट्यात दिला तर विहिरीच्या पाण्यानेच जमीन बिघडेल. यंत्राला हा फरक माहीत आहे का, आणि नसेल तर ‘मला माहीत नाही’ असे ते म्हणेल का? या संशोधनाचा बराचसा भाग याच साध्या प्रश्नाभोवती फिरतो.

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला दर अक्षय्यतृतीयेला घटमांडणी होते. दुसऱ्या दिवशी पाऊस-पिकांचे भाकीत वर्तमानपत्रांत येते, चावडीवर चर्चा होते. मागच्या वर्षीचे भाकीत किती खरे ठरले याचा हिशेब मात्र क्वचितच कुणी मांडतो. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आले तेव्हा जग असेच भाकिताभोवती जमले. हिशेब मांडणाऱ्यांची किंमत त्यानंतर कळू लागली. मे 2023 मध्ये पंचाहत्तरीतले ज्येष्ठ एआय-संशोधक जेफ्री हिंटन यांनी धोक्यांबद्दल मोकळेपणी बोलता यावे म्हणून गूगल सोडले. माँट्रियलच्या योशुआ बेंजिओ यांनी आपल्या संशोधनाचा रोखच बदलला आणि 2025 मध्ये ‘लॉझीरो’ ही ना-नफा संस्था उभी केली. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनमधल्या ब्लेचली पार्कच्या एआय सुरक्षा परिषदेच्या जाहीरनाम्यावर भारतानेही सही केली. जानेवारी 2025 मध्ये भारताने स्वतःच्या एआय सुरक्षा संस्थेची घोषणा केली.

या मोठ्या नावांच्या आड एक काम शांतपणे चालू होते, आणि ते आपल्या भाषेतले होते. 2021 मध्ये सौरभ गायकवाड आणि सहकाऱ्यांनी मराठीतल्या आक्षेपार्ह ट्विटांचा सुमारे अडीच हजारांचा संच तयार केला. पुढच्याच वर्षी पुण्याच्या एल३क्यूब गटाने, रविराज जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांना हाताशी धरून, पंचवीस हजारांहून अधिक ट्विटांचा ‘महाहेट’ हा संच खुला केला. द्वेष कुठला, शिवी कुठली आणि नुसता तिरकसपणा कुठला, हे ठरवायला मराठीच घरची असावी लागते. हे काम का महत्त्वाचे, ते 2023 मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले. इंग्रजीत विचारल्यावर जीपीटी-4 ज्या घातक प्रश्नांना नकार देत होते, तेच प्रश्न झुलूसारख्या तुटपुंजा मजकूर असलेल्या भाषांत विचारल्यावर, त्या भाषा मिळून 79 टक्के वेळा कुंपण तुटले. त्यांच्या चाचणीत मराठी नव्हती. वऱ्हाडी बोलीत काय होईल, हे वऱ्हाडी माणसानेच तपासायचे आहे.

एव्हाना प्रश्न दारात आलेला आहे. 2025 मध्ये राज्य सरकारने शेतकऱ्यांना मराठीत सल्ला देणारे ‘महाविस्तार-एआय’ ॲप आणले आणि कृषी-एआय धोरणासाठी 500 कोटींची तरतूद मंजूर केली. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते कपाशीचा पट्टा असलेला हा प्रदेश विसरलेला नाही. औषधाचे प्रमाण आत्मविश्वासाने चुकीचे सांगणारे यंत्र इथे काय करू शकते, हे समजायला संशोधननिबंधाची गरज नाही.

मग खामगावच्या किंवा मलकापूरच्या माणसाने नोकरी सोडून या क्षेत्रात उडी घ्यावी का? दशकाकडे पाहता उत्तर सावध आहे. पूर्णवेळ जागा मोजक्या आहेत, त्यातल्या बहुतेक लंडन आणि कॅलिफोर्नियात आहेत आणि त्यांसाठी गणित व प्रोग्रॅमिंग पक्के लागते. फेलोशिपसाठी स्पर्धा तीव्र आहे. हप्ते चालू असताना राजीनामा देणे शहाणपणाचे नाही. पण या क्षेत्रात टिकले कोण, हे पाहिले तर एक गोष्ट दिसते. गोव्यातून काम करणाऱ्या डिजिटल फ्युचर्स लॅबच्या संस्थापक उर्वशी अनेजा आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासातून इकडे आल्या. असे अनेक जण आपले जुने ज्ञान सोबत घेऊन आले, ते टाकून नाही.

म्हणून कृषी सहायक, परिचारिका, शिक्षक, वकील आणि शेगावचा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, साऱ्यांना एकच सांगणे आहे. ज्या विषयातली चूक तुम्हाला लगेच दिसते, त्याच विषयाचे प्रश्न यंत्राला मराठीत विचारा. उत्तरे तारखेसह नोंदवा, चुका वर्गवार लावा आणि नोंदी खुल्या करा. नोकरी बदलायची की नाही, हे त्या नोंदी जमल्यावर ठरवा.