अंगणातलं मातीचं अंडं: कामाडो, रोडगे आणि हवेचा हिशोब

ज्यांना ऐकायला सवड मिळत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना मागे ट्रॅक्टरचा आवाज येतो, तो इथे नाही, एवढाच फरक.

आजचा विषय म्हणजे गेल्या दीड वर्षात समुद्रपूरला आमच्या घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने विचारलेला प्रश्न. "अंगणात ते अंड्यासारखं काय ठेवलंय?"

तो कामाडो आहे. जाड भाजलेल्या मातीची, म्हणजे सिरॅमिकची, झाकणवाली कोळशाची शेगडी. नागपूरहून बदली होऊन निघालेल्या एका कुटुंबाकडून मी ती जुनी घेतली, कारण नवी मोठी घ्यायची तर किंमत लाखाच्या घरात जाते. वजन सत्तर किलोच्या वर. चौघांनी मिळून गाडीतून उतरवली. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "कायले आनलं रे बाबू हे? एवढ्या पैशात तं गाय आली असती."

कायले आणलं, ते सांगतो. आमच्याकडे वर्षातून एकदा मारुतीच्या नावाने रोडगे होतात. विदर्भाबाहेरच्या श्रोत्यांसाठी: रोडगा म्हणजे जाडसर कणकेच्या दोन-तीन पोळ्या, मधे तेल लावून एकावर एक, त्यांचा गोळा करून वरून आणखी एका पोळीत बंद केलेला. तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा, राख झटकायची, फोडायचा आणि वरण, तूप, वांग्याच्या भाजीबरोबर खायचा. एकनाथांच्या भारुडात भवानीला कबूल केलेला रोडगा तो हाच. पण हे भाजायला तास-दीड तास जमिनीवर बसून, वाकून, धुरात डोळे चोळत उलटपालट करावी लागते. आईच्या गुडघ्यांनी ते बंद केलं होतं. दोन वर्षं आमच्याकडे रोडगे झाले नव्हते. गॅसवरच्या ओव्हनमध्ये करून बघितले. वरून कडक, आतून ओलसर. मारुतीला दाखवले, पण कोणी दुसरा मागितला नाही.

हे आलं कुठून?

'कामाडो' हा जपानी शब्द. अर्थ साधा: चूल. जपानमध्ये भात शिजवायला घुमटाकार झाकणाचं मातीचं भांडं असायचं, त्याला मुशिकामाडो म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये असलेल्या अमेरिकन सैनिकांनी ती भांडी घरी नेली आणि त्यात भाताऐवजी मांस भाजायला सुरुवात केली. 1974 मध्ये एड फिशर यांनी अटलांटा शहरात 'बिग ग्रीन एग' ही कंपनी काढली. साधी माती तडकायची, म्हणून पुढे उष्णता सोसणारं सिरॅमिक आलं. आज जगभर जी अंडी दिसतात ती या वळणाची.

आपल्याला यात परकं काही नाही. नागपूरकडे उपड्या मडक्यावर लांब पोळी भाजतात. रायगडात वालाच्या शेंगांची पोपटी मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून, तोंड बंद करून शिजते. फरक एकच: पोपटीत जाळ मडक्याच्या बाहेर असतो, कामाडोत तो आत असतो. आणि जाळ आत कोंडला की सगळा खेळ हवेचा होतो.

चालतं कसं?

खाली एक सरकती खिडकी, वर झाकणावर एक फिरती चकती. खालून हवा आत येते, कोळशातून वर जाते, वरून बाहेर पडते. दोन्ही उघडी असली की कोळसा फुलतो, दोन्ही अरुंद केली की मंद होतो, पूर्ण बंद केली की विझतो. उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामाला येतो.

पत्र्याच्या शेगडीत बरीच उष्णता पत्र्यातूनच निघून जाते, म्हणून कोळसा जास्त, वारा जास्त, आणि त्या वाऱ्याबरोबर अन्नातलं पाणीही जातं. इथे जाड भिंत उष्णता धरून ठेवते आणि चारही बाजूंनी परत देते. म्हणून थोड्या हवेवर काम भागतं आणि कोंबडी कोरडी पडत नाही. 110 अंशांवर ठेवलं तर एकदा भरलेला कोळसा दहा-बारा तास सहज पुरतो. दोन्ही खिडक्या सताड उघडल्या तर तीच शेगडी 350 च्या वर जाते.

पण त्याच भिंतीमुळे एक अडचण आहे. माती उशिरा तापते आणि निवायला त्याहून उशीर लावते. हवे 180 आणि काटा 250 वर गेला, तर खाली यायला तास जातो. म्हणून 180 पाहिजे असेल तर 130-140 लाच खिडक्या अरुंद करायला घ्यायच्या. खालची खिडकी बोटभर, वरची त्याहून कमी. मग दहा मिनिटं हात लावायचा नाही. मी पहिले दोन महिने दर मिनिटाला खिडकी हलवत होतो आणि काटा वर-खाली पळत होता.

माझ्या चुका

पहिली: पावसाळ्यात महिनाभर झाकून ठेवलेली शेगडी काढली आणि लगेच मोठा जाळ केला. मातीत ओल मुरलेली होती. पाण्याची वाफ झाली आणि आतलं कोळशाचं कडं तडकलं. ओल आली असेल तर आधी तासभर मंद आचेवर वाळवायची, हे तेव्हा कळलं.

दुसरी: खिडक्या बंद करून ठेवल्या होत्या आणि मी झाकण भसकन उघडलं. आत हवेसाठी तडफडत असलेल्या कोळशाला एकदम हवा मिळाली आणि ज्वाळा तोंडावर आली. भुवया महिनाभर अर्ध्या होत्या. आता आधी झाकण दोन बोटं उचलतो, क्षणभर थांबतो, मग पूर्ण उघडतो. लहान मुलं जवळ असतील तर हे विसरूच नका.

तिसरी आईची, पण परवानगी माझी. "गोवरीबिगर रोडगा कसा होते?" म्हणून तिने आत तीन गोवऱ्या घातल्या. वास सुरेख आला. पण गोवरीची राख भरपूर होते. अर्ध्या तासात ती खालच्या जाळीच्या भोकांत बसली आणि काटा खाली खाली जात राहिला. मी कोळसा वाढवायला निघालो तर आईच म्हणाली, "कोयसा नको घालू. हवा कोंडली त् इस्तो मरतेच." तिने कधी चकती फिरवली नव्हती, पण गडबड कुठे आहे ते तिला माझ्याआधी कळलं.

तसंही आमचा वर्धा जिल्हा चुलीच्या बाबतीत अडाणी नाही. मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाच्या परंपरेत, 'मगन चूल' तयार झाली. मातीचीच, पण धुराला नळीने बाहेर काढणारी. हवेला वाट द्या, हा विचार आपल्याकडे आधीपासून आहे.

मग रोडग्यांचं काय झालं?

आता आमची पद्धत अशी. बाभळीचा कोळसा, मुठीएवढे तुकडे निवडून. चुरा घातला तर हवा अडते. पेटवायला पऱ्हाटीची चार काटकं आणि कापूर. रॉकेल कधीच नाही, मातीत वास मुरतो. कोळशावर दगडी तबकडी, म्हणजे थेट आच लागत नाही. काटा 200 च्या आसपास स्थिरावला की रोडगे आत. पाऊण तास, मधे एकदा उलटायचे. आई खुर्चीवर बसून सांगते, उलटतो मी. शेवटी बाजूला घमेल्यात दोन गोवऱ्यांचा आर केलेला असतो, त्यात दहा मिनिटं. वास तिथे येतो.

गेल्या वर्षी तीस माणसं जेवली. आईला मी विचारलं, तुझ्यासारखे झाले का? म्हणाली, "नाही. पन झाले."

तुमचे प्रश्न

"घ्यावा का?" फक्त वांगी आणि कणसं भाजायची असतील तर घेऊ नका, साधी शेगडी पुरे. संयुक्त कुटुंब असेल, मटणाची हंडी तासन्‌तास मंद ठेवायची असेल आणि अंगण असेल तर विचार करा. जुना घेताना आतून टॉर्च मारून तडा बघा आणि झाकणाच्या कडेची नमद्याची पट्टी जळालेली नाही ना ते तपासा.

"फ्लॅटच्या बंद गॅलरीत चालेल का?" नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. उघड्यावरच.

"उन्हाळ्यात?" आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 ला जातो; दुपारी उन्हात न पेटवताही झाकणावरचा काटा हललेला असतो. संध्याकाळी पेटवा.

आणि हो, आईने तो आता गोठ्याजवळ हलवायला लावलाय. गाय अजून आलेली नाही, जागा मात्र तिने राखून ठेवली आहे. भेटू पुढच्या भागात.