गाडीतली वीज (भाग ६) : रिव्हर्स कॅमेऱ्याला वीज कुठून द्यायची?

नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्याकडे चढताना समोरून गाडी आली, की कधी कधी कुणाला तरी मागे सरकावे लागते. कर्जत-खालापुरातल्या ठाकूरवाड्यांचे रस्ते तर आणखी अरुंद. वाडीत शिरलेली गाडी वळवायला अनेकदा जागाच नसते. ती उलटी बाहेर काढावी लागते, आणि मागे असते कुणाचे तरी अंगण, त्यात खेळणारी पोरे. इथे रिव्हर्स कॅमेरा ही चैन नव्हे.

१ जुलै २०१९ पासून भारतात बनणाऱ्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, कॅमेरा नाही. हे सेन्सर ध्वनिलहरींवर चालतात. बंपरच्या पातळीखाली, अगदी जवळ बसलेले मूल त्यांना कळेलच असे नाही. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या मोटारीत मागचे दृश्य दाखवणारी यंत्रणा लागते. त्या नियमामागे २००२ सालचा एक अपघात आहे. वडील घराजवळ गाडी मागे घेत असताना दोन वर्षांचा कॅमेरॉन गुलब्रान्सन तिच्याखाली सापडला. २००८ साली झालेल्या कायद्याला त्याचेच नाव दिले गेले.

जुन्या ओम्नीत कॅमेरा बसवणे सरळ होते. गिअरबॉक्सवरचा स्विच दाबला गेला, की १२ व्होल्ट थेट रिव्हर्स लाइटला. त्याच तारेला कॅमेरा जोडला, काम झाले.

आजच्या अनेक गाड्यांत मधे बॉडी कंट्रोल मॉड्यूल बसलेले असते. रिव्हर्स गिअर पडल्याचा निरोप त्याला मिळतो आणि दिव्याला वीज ते देते, तीही कधी सलग नव्हे, तर क्षणात अनेकदा चालू-बंद करत. डोळ्याला दिवा स्थिर दिसतो, पण त्याच तारेवरचा कॅमेरा लुकलुकतो, पडद्यावर आडव्या रेघा धावतात. अॅक्सेसरीवाला कॅमेरा बदलून देतो, रेघा तशाच राहतात, कारण दोष कॅमेऱ्यात नसतोच. ओळखायची खूण सोपी आहे : इंजिन चालू असताना बॅटरीवर मल्टिमीटर साधारण १४ व्होल्ट दाखवतो, रिव्हर्स लाइटवर तो ८-९ दाखवू लागला, तर वीज तुकड्या-तुकड्यांनी येते आहे असे समजावे.

उपाय रिलेचा. रिव्हर्स लाइटच्या तारेने फक्त रिले ओढायचा. कॅमेऱ्याची वीज मात्र किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या फ्यूजमधून, स्वतंत्र छोटा फ्यूज लावून घ्यायची. वीज तुकड्यांची असेल तर रिलेसुद्धा थरथरतो. म्हणून त्याच्या आधी एक डायोड आणि कपॅसिटर लागतो, किंवा हे सगळे आत असलेला तयार फिल्टर. मूळ हार्नेस कापू देऊ नये. कपलरमध्ये बसणारी जोडवायर बहुतेक लोकप्रिय गाड्यांसाठी मिळते, आणि वॉरंटीचा वादही टळतो. पिवळ्या कपलरला हात लावायचा नाही, तो एअरबॅगचा असतो. पडद्याकडे जाणारी केबलही खांबातल्या एअरबॅगवरून आडवी नेऊ नये.

आता पाऊस. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो, आणि आडमार्गाने केलेले काम तोच उघडे पाडतो. केबल डिकीच्या मूळ रबरी नळीतूनच आत न्यावी. पत्र्याला नवे भोक पाडावेच लागले तर रबरी ग्रोमेट बसवावा आणि भोकाआधी तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तारेवरून आत न जाता तिथेच गळते. नुसती टेप गुंडाळलेला सांधा पावसाळ्यात हिरवा पडतो.

चित्र आरशासारखे उलटे दिसते ना, हेही तपासावे; नाहीतर डावीकडचे मूल उजवीकडे दिसते. आणि पडद्यावरच्या रंगीत रेषा सपाट जमिनीसाठी आखलेल्या असतात. मागे चढ असेल तर वस्तू दिसते त्यापेक्षा जवळ असते. घाटातल्या चालकाने हे पहिल्याच दिवशी, मोकळ्या चढावर मागे एक डबा ठेवून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे.