काचेचा मणी आणि जातीची खूण

दागिन्यांचा इतिहास आपल्याकडे बहुधा सोन्याच्या अंगाने लिहिला गेला. ज्यांच्या घरी सोने होते त्यांचाच तो इतिहास. ज्यांच्या वाट्याला सोने आले नाही, किंवा आले तरी अंगावर घालू दिले गेले नाही, त्यांचा इतिहास बारीक काचमण्यांत शोधावा लागतो. खानदेश त्याला चांगली साक्ष देतो.

मणी जातिव्यवस्थेहून फार जुना आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात उत्खनन केले. तेथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. तेव्हा शेती नव्हती, गाव नव्हते, म्हणून गावकुसाबाहेरचेही कोणी नव्हते. माणूस मात्र मणी ओवत होता.

काच पुष्कळ नंतरची. पुदुच्चेरीजवळचे अरिकमेडू हे काचमण्यांचे प्राचीन केंद्र. वितळलेल्या काचेची पोकळ नळी ओढायची, तिचे बारीक तुकडे करायचे, ते राखेत घोळून पुन्हा तापवायचे. म्हणजे धारदार कडा गोल होतात. दक्षिण भारतातील असे मणी समुद्रमार्गे आग्नेय आशिया आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत गेले. ज्या कारागिरांनी ते भट्टीपुढे बसून केले, त्यांची नावे इतिहासात नाहीत.

आता खानदेशाकडे पाहू. सातपुड्याच्या पायथ्याला भिल्ल स्त्रिया रंगीत मण्यांच्या माळा घालतात. तांड्यावरची बंजारा स्त्री आपली कांचळी मणी, कवड्या आणि आरशांनी सजवते. वैदू स्त्रिया सुया, पोत, मणी घेऊन दारोदार हिंडत. त्यांच्याच टोपलीतली काळी पोत मंगळसूत्रात गेली की ती सौभाग्यलेणे ठरते. भिल्लिणीच्या गळ्यातल्या माळेला मात्र रानटीपणाची खूण म्हटले जाते. काच तीच, मोल बदलते. हे मोल गळा कोणाचा आहे त्यावर ठरते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे नेमके ओळखले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी गळ्यातील गळसऱ्या आणि हातांतील कथलाच्या वा चांदीच्या पाटल्यांचा भार टाकून देण्यास सांगितले, कारण त्यांवरून अस्पृश्यता ओळखली जाई. त्यांचा विरोध नटण्याला नव्हता, लादलेल्या खुणेला होता.

मग वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलीने आपली माळ काढावी काय? कोणी हसते म्हणून काढली, तर तीही सक्तीच. लादलेली खूण झुगारणे आणि आवडलेला दागिना मिरवणे, या दोन्हींमागे हक्क एकच आहे : आपल्या अंगावर काय असावे हे आपण ठरवण्याचा.

शिक्षक-विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीतील म्हाताऱ्यांना विचारावे : कोणता मणी घालत होता, कोणाकडून घेत होता, आणि काय घालायला बंदी होती? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी लिहून घ्यावे. ते सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.