तंबाखूचे डरहॅम आणि कष्टकऱ्यांचे हेटाय
एका अमेरिकन शहराच्या चढउताराची कहाणी

शहर बदलते म्हणजे नेमके काय होते? जुना कारखाना बंद पडतो, त्या जागेवर काचेच्या इमारती उभ्या राहतात, रस्ते रुंद होतात आणि वर्तमानपत्रे 'विकास झाला' असे लिहितात. पण त्या कारखान्यात राबणारी माणसे कोठे गेली, हे फारसे कोणी विचारत नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात नॉर्थ कॅरोलिना राज्यात डरहॅम नावाचे शहर आहे. ते न्यूयॉर्कसारखे अवाढव्य नाही आणि अगदी लहानही नाही. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे २ लाख ८३ हजार भरली. या शहराचा दीडशे वर्षांचा प्रवास आपण समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यात कष्टकऱ्यांनी स्वतःच्या बळावर उभे केलेले एक जग आहे आणि ते जग कसे पाडले गेले, याचा हिशेबही आहे.

तंबाखूच्या धुरळ्यातून उभे राहिलेले शहर

सुरुवातीला येथे रेल्वेचे एक स्टेशन तेवढे होते. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपत आले, तेव्हा दक्षिणेच्या एका मोठ्या सैन्याने याच परिसरात शरणागती पत्करली. दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी इथला तंबाखू लुटला, ओढला आणि घरी गेल्यावर 'तोच तंबाखू पाठवा' म्हणून पत्रे धाडली. धंद्याला तेथून बरकत आली. पुढे ड्यूक घराण्याने सिगारेट वळण्याचे यंत्र आणले आणि १८९० मध्ये 'अमेरिकन टोबॅको' ही अवाढव्य कंपनी स्थापन केली. तिची मक्तेदारी इतकी वाढली की १९११ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाला ती कंपनी फोडावी लागली. आज जगप्रसिद्ध असलेले ड्यूक विद्यापीठ याच पैशातून वाढले.

गुलामी कायद्याने संपली होती. शेतावरून सुटलेली काळी माणसे कामाच्या शोधात डरहॅमला आली. पण कारखान्यात गेटाच्या आतही वर्णभेद होताच. यंत्रावरचे स्वच्छ काम गोऱ्यांना मिळे. पानांचे देठ काढणे, ओझी वाहणे, धुरळ्यात दिवसभर उभे राहणे ही कामे काळ्या बायाबापड्यांच्या वाट्याला येत, तीही कमी मजुरीत. आपल्याकडच्या विडी कामगार भगिनीला हे दुःख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पन्नास-पन्नास डॉलरची कंपनी

कारखान्यांच्या दक्षिणेला काळ्यांची वस्ती वाढली. तिचे नाव पडले हेटाय. ज्या हैती देशातील गुलामांनी बंड करून स्वतःचे राज्य स्थापन केले, त्या देशावरून हे नाव आले. नाव निवडतानाच या लोकांनी आपला स्वाभिमान सांगून टाकला होता.

१८९८ हे वर्ष त्या राज्यातील काळ्यांसाठी भयंकर होते. विल्मिंग्टन शहरात गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने निवडून आलेली नगरसत्ता उलथून टाकली आणि काळ्यांची कत्तल केली. दोन वर्षांतच राज्यघटनेत बदल करून बहुतेक काळ्यांचा मताधिकार काढून घेण्यात आला. अशा काळात डरहॅममध्ये सात जण एकत्र आले, प्रत्येकी पन्नास डॉलर घातले आणि विमा कंपनी काढली. तिचेच पुढे 'नॉर्थ कॅरोलिना म्युच्युअल' झाले. तिचे प्रमुख संस्थापक जॉन मेरिक हे गुलामीत जन्मलेले आणि धंद्याने न्हावी होते. त्यांच्याबरोबर डॉ. ॲरन मूर होते आणि पुढे चार्ल्स स्पॉल्डिंग यांनी कंपनी नावारूपाला आणली.

विमाच का, असा प्रश्न कोणालाही पडेल. गोऱ्यांच्या कंपन्या काळ्या माणसाला एकतर विमा नाकारत किंवा जास्त हप्ता घेत. घरात मयत झाली की अंत्यविधीसाठी हात पसरावे लागत. आठवड्याला चार-दोन नाणी गोळा करणारी ही कंपनी त्या गरजेतून वाढली. त्या पैशातून घरांसाठी कर्ज मिळू लागले. १९०१ मध्ये लिंकन रुग्णालय निघाले, १९०८ मध्ये मेकॅनिक्स अँड फार्मर्स बँकेचे दार उघडले. १९१० मध्ये डॉ. जेम्स शेपर्ड यांनी सुरू केलेल्या शाळेचे आज नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल विद्यापीठ झाले आहे. शहराच्या पॅरिश रस्त्याला लोक 'ब्लॅक वॉल स्ट्रीट' म्हणू लागले.

थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९१२ मध्ये डरहॅममधील काळ्यांच्या या उभारणीवर लेख लिहिला. वाचकांना हे नाव परके नसावे. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच डुबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकन निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती आणि डुबॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले होते.

मात्र हेटायमध्ये सगळे श्रीमंत होते असे समजू नये. बँकवाले आणि डॉक्टर मूठभर होते. बाकीची वस्ती तंबाखू कामगारांची, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची, भाड्याच्या लाकडी घरांत राहणाऱ्यांची होती. परंतु दुकान, दवाखाना, चर्च, वाचनालय, सिनेमागृह हे सारे आपल्या माणसांचे आणि हाकेच्या अंतरावर होते.

आश्वासन आणि बुलडोझर

जून १९५७ मध्ये येथील रॉयल आइस्क्रीम पार्लरमध्ये रेव्हरंड डग्लस मूर यांच्यासह सात काळे तरुण-तरुणी गोऱ्यांच्या बाजूला जाऊन बसले. त्यांना अटक झाली, दंड झाला. ग्रीन्सबरोच्या गाजलेल्या बैठ्या सत्याग्रहाच्या अडीच वर्षे आधीची ही गोष्ट आहे. १९६० च्या फेब्रुवारीत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी हेटायच्या व्हाइट रॉक चर्चमध्ये सभा घेतली आणि तुरुंग भरण्याची तयारी ठेवा, असे सांगितले.

एकीकडे हक्काची लढाई जिंकली जात होती आणि दुसरीकडे पायाखालची जमीन सरकत होती. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवून 'कर्जासाठी धोक्याच्या' ठरवल्या गेल्या होत्या. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून घरे मोडकळीला. आणि घरे मोडकळीला आली म्हणून पुढे 'ही झोपडपट्टी पाडली पाहिजे' असा निर्णय! ज्यांनी दुखणे दिले तेच औषध घेऊन आले.

त्या औषधाचे नाव होते शहर-नूतनीकरण. त्यासाठी केंद्र सरकारकडून मोठा निधी मिळत असे. १९५८ मध्ये डरहॅममध्ये त्यासाठी आयोग नेमला गेला. १९६२ मध्ये खर्चाच्या रोख्यांसाठी मतदान झाले. नवी घरे मिळतील, नवा बाजार मिळेल असे सांगितल्यावर काळ्यांच्या नेत्यांनीही पाठिंबा दिला आणि लोकांनी विश्वासाने मते दिली. मग बुलडोझर आले. चार हजारांहून अधिक कुटुंबे आणि सुमारे ५०० व्यवसाय हलवले गेले. वस्तीच्या मधून जलदगती महामार्ग गेला. ज्या चर्चमध्ये डॉ. किंग बोलले, तेही पाडले गेले. कबूल केलेला बाजार झालाच नाही. काही दुकानदारांना पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये बसवले, त्या जागेला लोक 'टिन सिटी' म्हणत. अनेक भूखंड वर्षानुवर्षे रिकामे पडून राहिले.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. भरपाई मिळते ती जागेच्या मालकाला आणि भिंतींच्या किमतीला. भाडेकरूच्या हाती फारसे काही लागत नाही. न्हाव्याचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक, शेजारणीने सांभाळलेले मूल, उधारीवर मिळणारे पीठ यांची किंमत कोणत्याच कागदावर लिहिलेली नसते. महामार्गाने गेले ते हे सारे.

ॲन ॲटवॉटर आणि सी. पी. एलिस

या काळात एक धडाडीची बाई पुढे आली. घरकाम करून मुले वाढवणाऱ्या ॲन ॲटवॉटर स्वतः गळक्या भाड्याच्या घरात राहत. भाडेकरूंचे नियम समजून घ्यायचे आणि ते अधिकाऱ्यांसमोर ठेवायचे, ही त्यांची पद्धत. १९७१ मध्ये शाळांतील वर्णभेद मोडण्यासाठी शहरात दहा दिवसांची बैठक भरली. तिच्या एका अध्यक्षा ॲटवॉटर होत्या आणि दुसरे अध्यक्ष होते सी. पी. एलिस, म्हणजे काळ्यांवर अत्याचार करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेचे स्थानिक प्रमुख!

दोघे सुरुवातीला एकमेकांकडे बघतही नसत. बोलता बोलता कळले की दोघांचीही मुले गरीब आहेत आणि शाळेत दोघांच्याही मुलांना हिणवले जाते. शेवटच्या दिवशी एलिस यांनी सर्वांसमोर क्लॅनचे ओळखपत्र फाडले. पुढे ते कामगार संघटनेचे पदाधिकारी झाले आणि त्या संघटनेत काळे सभासदच जास्त होते. २००५ मध्ये एलिस वारले, तोपर्यंत दोघांची मैत्री टिकली. ॲटवॉटर २०१६ मध्ये गेल्या.

सिगारेट गेली, दवाखाना आणि संगणक आले

मग कारखान्यांवर पाळी आली. १९६४ मध्ये अमेरिकन सरकारच्या आरोग्यप्रमुखांनी सिगारेटमुळे कर्करोग होतो, असा अहवाल दिला. यंत्रे वाढली, माणसे कमी झाली. १९८६ मध्ये जुनी अर्विन कापड गिरणी बंद झाली, १९८७ मध्ये अमेरिकन टोबॅकोचा कारखाना. ज्या शहराला तंबाखूचा वास येई, तिथे कुलपे दिसू लागली.

पण नवी नोकरी आधीच दुसऱ्या जागी जन्माला आली होती. डरहॅम, रॉली आणि चॅपेल हिल या तीन गावांतील विद्यापीठांच्या मध्ये १९५९ मध्ये 'रिसर्च ट्रँगल पार्क' स्थापन झाले. तंबाखू, कापड आणि लाकडी सामान यांच्या तुटपुंज्या मजुरीवर राज्य चालणार नाही, हे राज्यकर्त्यांना कळले होते. १९६५ मध्ये आयबीएमने तेथे येण्याची घोषणा केली, त्यानंतर औषध कंपन्या आल्या. ड्यूक विद्यापीठ आणि त्याचे रुग्णालय शहरातील सर्वांत मोठे मालक झाले. १९९० मध्ये सुमारे १ लाख ३७ हजार असलेली लोकसंख्या तीस वर्षांत दुपटीहून जास्त झाली. २००४ मध्ये तो बंद तंबाखू कारखाना कचेऱ्या आणि उपाहारगृहांचे संकुल म्हणून पुन्हा उघडला.

परंतु कारखान्यातून सुटलेली देठ काढणारी बाई प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ म्हणून कशी जाणार? तिला मिळाली ती साफसफाईची, स्वयंपाकघरातली, रुग्णशुश्रूषेची नोकरी. पदवी असणाऱ्यांना नवे शहर लाभले आणि ज्यांच्या घरात शिक्षण पोहोचले होते, ती काळी कुटुंबेही वर आली. बाकीच्यांच्या वाट्याला घरभाड्याची वाढ आली. ज्या वस्त्यांना एकेकाळी कोणी कर्ज देत नव्हते, त्या शहराच्या मध्याजवळ असल्यामुळे पैसेवाल्यांना हव्याशा वाटू लागल्या. घराची किंमत वाढली की करही वाढतो आणि म्हाताऱ्या मालकिणीला स्वतःच्या घरात राहणे परवडेनासे होते. नॉर्थ कॅरोलिना म्युच्युअलही टिकली नाही. गोऱ्यांच्या बड्या कंपन्यांनी तिची गिऱ्हाइके नेली, पैसा अडकला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने ती गुंडाळण्याचा आदेश दिला.

काय उरले, काय शिकावे

तरीही सारे संपले असे नाही. १८९१ चे सेंट जोसेफ चर्च वाचले आणि आज तेथे हेटायचे वारसा केंद्र चालते. मेकॅनिक्स अँड फार्मर्स बँक आणि डॉ. शेपर्ड यांचे विद्यापीठ आजही उभे आहे. १९८७ मध्ये रहिवाशांनी एक जमीन-न्यास स्थापन केला. त्याची युक्ती साधी आहे. जमीन न्यासाची राहते, घर कुटुंबाचे होते. विकताना बाजारभावाने विकता येत नाही, म्हणून पुढच्या कष्टकऱ्यालाही ते परवडते. २०१९ मध्ये मतदारांनी परवडणाऱ्या घरांसाठी साडेनऊ कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले.

मालक, सरकार आणि बाजार यांच्या निर्णयांनी शहर बदलते. अशा निर्णयाच्या वेळी वस्तीतल्या माणसाच्या हाती काय असते, हे पाहावे. हेटायच्या लोकांकडे संघटना होती, बँक होती, मतही होते. नव्हता तो आश्वासनाचा लेखी, मुदतबंद करार. नकाशे निघतात तेव्हा भाडेकरूचे नाव त्या कागदावर आहे का, पाडण्याआधी नवी घरे तयार आहेत का, हे प्रश्न ॲटवॉटरबाईंसारखे नियमावर बोट ठेवून विचारावे लागतात. आपल्या घरातली भाडेपावती, करपावती, वीजबिल नीट जपून ठेवा. मुलामुलींचे शिक्षण अर्ध्यावर सोडू नका. आणि वस्तीच्या सभेला बायकांनीही जा, कारण बुलडोझर येतो तेव्हा सर्वांत आधी चूल बाहेर पडते.